जीपचा कब्जा : वऱ्हाडातल्या मिस्त्र्यांचा न लिहिलेला इतिहास

मुसलमानांच्या इतिहासाचे पुस्तक उघडले की त्यात प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे भेटतात. काही तख्तावर बसलेली, काही दर्ग्यात विसावलेली. बादशहा, सरदार आणि सुभेदारांच्या लढायांनी पानेच्या पाने भरतात. त्यांच्यानंतर पीर-औलियांना जागा मिळते. बाळापूर म्हटले की किल्ला आठवतो, मंगरूळपीर म्हटले की हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आठवतो. हा वारसा आपला आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आपले बहुसंख्य पूर्वज ना तख्तावर होते ना खानकाहात. ते भात्याजवळ होते, मागावर होते, पिंजणीवर होते, खाटीकखान्यात होते. अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांत ते गॅरेजमध्ये आले. त्यांचा इतिहास कोणी लिहिला? त्यांच्या हाताने घडलेल्या वस्तूंची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?

हा प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तर आम्ही एका अगदी लहान वस्तूपासून शोधू पाहतो. ती वस्तू म्हणजे जुन्या जीपच्या दाराचा कब्जा. प्रमाण मराठीत त्याला बिजागरी म्हणतात. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर यांपैकी कोणत्याही गावातल्या गॅरेजमध्ये मात्र 'कब्जा' हाच शब्द ऐकू येतो. 'कब्जा ढिला झाला, दार उतरले,' एवढे म्हटले की मिस्त्रीला सारे कळते.

दोन शब्दांची गोष्ट

आधी शब्दांकडेच पाहू, कारण इतिहासाचा पहिला पुरावा बहुतेकदा भाषेतच सापडतो.

बिजागरी हा शब्द अस्सल मराठी वाटतो. पण तो पोर्तुगीज 'बिसाग्रा' या शब्दापासून आला आहे. गुजरातीतले 'मिजागरू' हे त्याचेच भावंड. जहाजे बांधणाऱ्या आणि गलबतांना लोखंडकाम करणाऱ्या फिरंग्यांबरोबर तो कोकण किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून देशावर आला. ज्या 'मिस्त्री' या शब्दाने आपण कारागिराला हाक मारतो, तोही पोर्तुगीज 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद या शब्दाचेच रूप. आपली 'चावी'सुद्धा त्याच वाटेने आली.

'कब्जा' हा अरबी. त्याच्या मुळाशी मुठीत धरणे, पकडणे हा अर्थ आहे. तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात आणि जमिनीच्या ताब्यालाही. दार आणि चौकट यांना एकमेकांच्या पकडीत ठेवणारा तुकडा म्हणून तो कब्जा. दरवाजा, पुर्जा, दुरुस्ती, कारागीर हे फारसीतून आले, मरम्मत अरबीतून. नट, बोल्ट, बुश, पिन, ग्रीस हे इंग्रजांनी दिले. वऱ्हाडातल्या गॅरेजमध्ये दिवसभर जी भाषा बोलली जाते तिच्यात लिस्बन, मक्का, इस्फहान आणि लंडन असे सारे एकत्र नांदते. मिस्त्रीला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. पण भाषाशुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा त्या गॅरेजमध्ये तासभर बसावे. शुद्ध करायला निघाले तर हातात पानाही उरणार नाही.

खुंटीपासून कब्ज्यापर्यंत

जुन्या वाड्यांच्या दारांना कब्जे नसत. दाराच्या फळीलाच वर आणि खाली खुंटीसारखे टोक ठेवीत. खालचे टोक उंबऱ्यातल्या किंवा दगडातल्या खळग्यात बसे, वरचे चौकटीतल्या भोकात. साऱ्या दाराचे वजन खालच्या टोकावर. गावच्या वेशी आणि किल्ल्यांचे प्रचंड दरवाजे असेच फिरत. दोन पाने, त्यांना वळवून केलेल्या नळ्या आणि त्या नळ्यांतून जाणारी पिन अशी रचना आली तेव्हा दार खालच्या आधारातून मोकळे झाले आणि बाजूने टांगले गेले. चालत्या वाहनाला दार लावणे सोपे झाले ते या टांगण्यामुळे.

दारे घडवणाऱ्या कारागिरांचा एक लखलखीत पूर्वज आपल्याला लाभला आहे. दियारबकरच्या अर्तुकी सुलतानांच्या पदरी असलेल्या अल-जझरी या उस्तादाने इ.स. १२०६ मध्ये यंत्रविद्येवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्याची पाणघड्याळे आणि पाणी उपसणारी यंत्रे जगप्रसिद्ध आहेत. पण त्याच ग्रंथात त्याने राजवाड्यासाठी केलेल्या ओतीव धातूच्या दरवाजाचेही वर्णन केले आहे. कोणता धातू, ओतकाम कसे, तुकडे जोडायचे कसे, हे त्याने आकृत्यांसह सांगितले. म्हणूनच साडेसातशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डोनाल्ड हिल यांना त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करता आला आणि त्यावरून आजचे अभियंते ती यंत्रे पुन्हा बनवू शकले. अल-जझरी विद्वान होता म्हणून टिकला असे नाही. त्याच्यासारखे हात इतरांचेही असतील. तो टिकला तो मापे लिहून ठेवली म्हणून. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

लोखंडाचे काम करणारे मुस्लिम कारागीर हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना आपला आद्य उस्ताद मानतात. कुरआनात त्यांच्या चिलखताच्या कामाचा उल्लेख आहे आणि तिथे कड्यांचे माप नेमके ठेवण्याची ताकीदही आहे. माप चुकले की कडी निकामी, हे लोहाराच्या धर्माचे पहिले सूत्र म्हणावे लागेल.

महिंद्र आणि मोहंमद

आता जीपकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. या युद्धातल्या जीपला लोखंडी दार नव्हतेच. सैनिकाला पटकन उडी मारता यावी म्हणून दोन्ही बाजू उघड्या. तरी तिच्यात बिजागऱ्या होत्या. बॉनेट मागच्या बाजूला लांब बिजागरीवर उघडे आणि समोरची काच खालच्या सांध्यावर पुढे झुकून बॉनेटवर निजे. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजने नागरी वापरासाठी जी जीप काढली तिला मागे खाली पडणारे फळकूट आले, आणि त्याला बिजागऱ्या व साखळ्या.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, हिंदुस्थानात पोलादाचा व्यापार करण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहंमद. कंपनीचे नाव 'महिंद्र अँड मोहंमद'. गुलाम मोहंमद हे लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेबाच्या कामात मुरलेले. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात त्यांनी अर्थखाते सांभाळले होते. आपला वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला तरी कागदोपत्री निजामाचाच मानला जाई, हे इथे आठवते.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये ते तिथले गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी तिथली घटना समिती बरखास्त केली. पाकिस्तानातील लोकशाहीला बसलेल्या पहिल्या मोठ्या धक्क्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. इकडे मुंबईत १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. 'एम अँड एम' ही अक्षरे छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा 'म' तसाच ठेवला, असे सांगतात. कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे परवान्याने ती इथेच बनू लागली.

आपल्यातले किती वाचक दुसऱ्या 'म'ची ही हकिकत जाणतात? फाळणीने मुसलमानांचे काय गेले याची चर्चा पुष्कळ होते. ती बहुधा जमीन, नोकरी आणि नेते यांच्याभोवती फिरते. पण कारखानदारीतली भागीदारीही तेव्हाच गेली, हे क्वचित बोलले जाते. वरच्या वर्गातला मोहंमद भागीदारीतून निघून गेला. खालच्या वर्गातला मोहंमद मात्र कुठेच गेला नाही. तो वाशीमच्या, कारंजाच्या रस्त्याकडेला टिनाच्या शेडखाली त्याच जीपचे पुर्जे खोलत राहिला. पाटीवरून नाव पुसले गेले तरी हाताचे नाते तुटले नाही. आमच्या मते इतिहासाने या दुसऱ्या मोहंमदाकडे अधिक पाहिले पाहिजे.

बिनसुट्या भागांचे वाहन म्हणजे काय, याचा धडा देशाला तेव्हाच मिळाला होता. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून २००० जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा सौदा झाला. आल्या फक्त १५५ आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदी घोटाळा तो हाच. जुने वाहन विकत घेणे सोपे असते. ते चालते ठेवणे ही वेगळी विद्या आहे.

वाशीममध्ये जीप

वाशीमचा, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचा, इतिहास वाकाटकांपर्यंत जातो. इंग्रजी अमलात 'बासिम' हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळात इथे मोठा कारखाना आला नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातले मागास जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' असे गोंडस नाव दिले. त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशीम होते. जिथे नवे येत नाही तिथे जुने टिकवावे लागते. म्हणून अशा जिल्ह्यांत दुरुस्तीची विद्या वाढते. ती हौसेने वाढत नाही, गरजेने वाढते.

बंडी, रेंगी, दमणी यांच्या चाकांना धाव चढवणारा लोहार आणि जीपचा मिस्त्री यांच्यात फार अंतर नव्हते. सरकारी जीप आधी तहसीलच्या आणि पंचायत समितीच्या आवारात आल्या. त्या लिलावात निघाल्या की शेतकरी, ठेकेदार, कापसाचे व्यापारी घेत. मग त्यांना कापडी छताऐवजी पत्र्याची बॉडी बसे. पत्र्याची बॉडी आली की दारे आली. दारे आली की कब्जे आले. हे कब्जे कंपनीचे नव्हते. ते गावातल्या लोहाराने, वेल्डरने, डेंटरने घडवलेले होते. त्यांना कंपनीच्या पुस्तकात क्रमांक नाही. त्यामुळे ते झिजले की दुकानात मागता येत नाहीत. जुना तुकडा हातात घेऊन, माप काढून, नवा घडवावा लागतो.

पुढे काळी-पिवळीचा जमाना आला. कमांडर, ट्रॅक्स, क्रूझर अशा गाड्यांनी आठवडी बाजार, उरूस, लग्ने आणि दवाखाने गावांशी जोडले. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या खेड्याला काळी-पिवळीच वाली होती. आत दाटीवाटीने माणसे, मागे पायरीवर चौघे लटकलेले, आणि त्यातला एक उघड्या दाराला धरून. तो ज्याच्या भरवशावर उभा असे तो कब्जा होता.

कब्जा झिजतो कसा आणि बदलतात कसा

इथे थोडा हिशेब मांडू. तो समजला की मिस्त्रीचे काम किती मोलाचे आहे हेही समजेल.

समजा, दाराचे वजन २० किलो आहे. वजनाचा मध्य कब्ज्यांपासून ५० सेंटीमीटर लांब आहे आणि वरच्या व खालच्या कब्ज्यात ४० सेंटीमीटर अंतर आहे. दार खाली झुकू पाहते. त्यामुळे वरचा कब्जा बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो. ही ओढ होते २० गुणिले ५० भागिले ४०, म्हणजे २५ किलो. आता ६० किलोचा माणूस कब्ज्यापासून ६० सेंटीमीटरवर त्या दाराला लटकला तर आणखी ९० किलोंची भर पडते. म्हणजे एकूण ११५ किलो. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. खड्ड्यात गाडी आदळली की ही ओढ कितीतरी वाढते. म्हणूनच वरच्या कब्ज्याची पिन आणि तिचे भोक बहुधा आधी खाल्ले जाते, आणि म्हणूनच जाणता मिस्त्री नवे दार बसवताना दोन कब्ज्यांत होईल तेवढे जास्त अंतर ठेवतो. ४० चे ५० सेंटीमीटर केले तर २५ किलोंची ओढ २० वर येते. हे सूत्र त्याने पुस्तकात वाचलेले नसते. त्याच्या हाताला ते माहीत असते.

दार उचलून लावावे लागते, कुलूप नीट धरत नाही, रस्त्याने खडखड आवाज येतो, ही झिजेची लक्षणे. मिस्त्री दार अर्धे उघडतो आणि खालच्या कडेला धरून वर-खाली हलवतो. नळी आणि पिन यांच्यात हालचाल दिसली तर दोष पिनेचा किंवा बुशचा. संपूर्ण कब्जाच हलत असेल तर दोष खांबाच्या पत्र्याचा, तो गंजला आहे किंवा बोल्ट ढिले आहेत. हे निदान चुकले तर नवी पिन घालूनही दार महिनाभरात उतरते.

काम सुरू करण्याआधी उस्ताद शागीर्दाला दाराला टेका द्यायला शिकवतो. खाली जॅक, त्यावर लाकडाची फळी. मग कब्ज्याची जुनी जागा खडूने किंवा रंगाने आखून घ्यायची. दोन्ही कब्जे एकदम सोडायचे नाहीत, एक बदलून झाला की दुसरा. गंजलेल्या पिनेला आदल्या दिवशी डिझेल किंवा रॉकेल पाजून ठेवायचे, मग सुंभा लावून खालून ठोकायचे. नवी पिन लेथवर टणक पोलादाची तासून घ्यायची. भोक वाकडे खाल्ले असेल तर रिमरने गोल करून थोडी जाड पिन किंवा पितळी बुश घालायचा. पितळ मऊ, पोलाद टणक. झिजायचे ते स्वस्त पितळाने झिजावे, हा त्यामागचा विचार.

पिनेऐवजी साधा बोल्ट ठोकून देणारेही असतात. काम तात्पुरते होते, पण बोल्टचे आटे कानशीसारखे काम करतात आणि भोक आणखी मोठे करतात. आटे नसलेला भाग पूर्ण नळीभर येईल असा बोल्ट निवडला तर गोष्ट वेगळी. सर्वात महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कब्ज्यांच्या पिना एकाच सरळ रेषेत हव्यात. दोरी धरून किंवा लांब सळई घालून ते पाहतात. रेषा चुकली तर दार फिरताना स्वतःच्याच पत्र्याला पिळते आणि काही महिन्यांत वेल्डिंग तडकते.

कब्जा कोणत्या बाजूला असावा, हाही जीवनमरणाचा प्रश्न आहे. १९५० च्या दशकातल्या ज्या फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' हे नाव दिले तिच्या पुढच्या दारांचे कब्जे मागच्या बाजूला होते. चालत्या गाडीत असे दार चुकून उघडले तर वारा त्याला फाडून बाहेर नेतो. कब्जा पुढे असला तर तोच वारा दार लोटून बंद करू पाहतो. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमानुसार दाराच्या कब्ज्यांनी लांबीच्या दिशेने सुमारे ११०० किलो आणि आडव्या दिशेने सुमारे ९०० किलो ओढ सोसली पाहिजे. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला गेला तर वाचण्याची शक्यता फार कमी होते, हे तिथल्या अभ्यासकांना कळले होते. आपल्याकडे हा नियम माहीत नसलेला मिस्त्री मनाशी वेगळा हिशेब करतो. या दाराशी कोणाचे तरी लेकरू बसणार आहे, हा तो हिशेब.

पुर्जा कोठून येतो

जुन्या गाड्यांचे पुर्जे पुरवणारी एक समांतर दुनिया या देशात आहे. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत मायापुरी, मीरतमध्ये सोतीगंज. चोरीच्या गाड्या तोडल्या जातात या आरोपांवरून सोतीगंजचा बाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद करण्यात आला. चोरीचे समर्थन कोणी करणार नाही. पण अशा कारवाईच्या बातम्यांत भंगारवाला म्हणजे चोर आणि भंगारवाला म्हणजे मुसलमान असे समीकरण सहज तयार होते, त्याचे काय? प्रामाणिकपणे लिलावातून जुनी गाडी घेऊन तिचे दार, काच, कब्जा विकणारा माणूस लोखंड वाया जाऊ देत नाही. पर्यावरणाच्या परिषदांत ज्या कामाचे गोडवे गातात ते काम तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे.

दुसरीकडे, पुर्जे आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच मुठीत ठेवण्याकडे मोठ्या कंपन्यांचा कल राहिला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुलेपणाने मिळाली पाहिजे, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि त्यात मोटारींचाही समावेश होता. शब्दांची गंमत पाहा. कब्जा म्हणजे बिजागरी आणि कब्जा म्हणजे ताबा. सारा झगडा कब्ज्याचा आहे. पुर्ज्यावर कब्जा कोणाचा?

हात जातील तेव्हा

आज ही विद्या दोन बाजूंनी दाबली जात आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुनी सरकारी वाहने मोडीत काढण्याचा नियम लागू झाला. ज्या लिलावातून जीप गावात येत ती वाट आटली. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या जाव्यात, यात गैर काही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगाव या भागांतून सुरू झाला. त्यावरून भरधाव जाणाऱ्या नव्या गाड्यांना गावच्या लोहाराच्या कब्ज्याची गरज नाही. गाड्या जातील. पण गाडीबरोबर ज्ञानही भंगारात घालायचे काय?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. नोकरी नाही म्हणून हात, आणि हातालाही कागद नाही, अशी आपली अवस्था. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, कुलपे बनवणारा आहे, पण मोटार मिस्त्री नाही. जीपचा कब्जा घडवणारा लोहार म्हणून अर्ज करील की मिस्त्री म्हणून? सरकारी रकान्यात तो कोठेच बसत नाही. अनुभवावरून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. ती आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे? आपल्या जमाती, तंजीमा, शाळा आणि वाचनालये यांनी वर्षातून एक दिवस तरी या कामासाठी ठेवला तर कितीतरी मिस्त्र्यांच्या हातात कागद येईल.

आणि आणखी एक काम आहे. त्याला सरकार लागत नाही, एक वही लागते. प्रत्येक गावात साठी ओलांडलेला एखादा उस्ताद असतोच. त्याचा नातू दहावी-बारावी शिकलेला असतो, हातात मोबाईल असतो. त्याने आजोबांजवळ बसावे. कब्ज्याची पाने किती जाड घ्यायची, पिन किती मिलिमीटरची, भोक तिच्यापेक्षा किती सैल, बुश कशाचा, कोणत्या गाडीच्या खांबाला आतून कोणती पट्टी लावायची, हे विचारावे आणि लिहावे. मराठीत लिहावे, उर्दूत लिहावे, आजोबा बोलतात त्या दखनी-वऱ्हाडी मिश्र बोलीत लिहावे. बाजूला चित्र काढावे. आजोबांचे नाव, त्यांच्या उस्तादाचे नाव आणि उस्तादाच्या उस्तादाचे नाव लिहावे. कव्वालीत सिलसिला सांगतात, तालमीत सांगतात, मग गॅरेजमध्ये का सांगू नये?

अल-जझरीने आठशे वर्षांपूर्वी हेच केले. तो सुलतानाच्या पदरी होता, त्याला कागद-शाई मिळाली. आपल्या मिस्त्र्यांना सुलतान नाही. त्यांना नातवंडे आहेत. पुढच्या पिढीने आपला इतिहास किल्ल्यांच्या बुरुजांत शोधावा, त्याला हरकत नाही. पण किल्ल्याचा दरवाजा ज्याच्यावर फिरत होता तो लोखंडाचा तुकडा घडवणाराही आपलाच होता. वाशीमच्या एखाद्या शेडमध्ये अजून त्याचा हातोडा वाजतो आहे. तो थांबण्याआधी वही उघडली पाहिजे.